चारशे घोडे, चार पोस्टकार्डं

ऑक्टोबर उजाडला की जर्मनीतल्या मराठी घरांत दोन विषय निघतात. एक चकलीची भाजणी, दुसरा गाडीचे टायर. भाजणीबाबत वाद नसतो, कारण ती पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेली असते आणि मिळाली यातच आनंद असतो. टायरबाबत मात्र या जन्मी एकमत होणं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत फराळाचं टेबल सोडून कोपऱ्यात पाच-सहा पुरुष गंभीर चेहऱ्यानं उभे दिसले, तर विधानसभेचा निकाल लागला असं समजू नका. विंटर घ्यावेत की ऑल-सीझन, एवढंच चाललेलं असतं.

साधी गाडी असलेल्यांनी खुशाल पुढचं पान उलटावं. शंभरेक हॉर्सपॉवर, आठवड्याचा किराणा, मुलांचा पोहण्याचा क्लास. टायरवाला जे बसवून देईल ते त्यांना पुरतं. आजचं गिऱ्हाईक वेगळं आहे. नोकरी स्थिरावली, राहण्याचा कायमचा परवाना हातात आला, घराचा हप्ता सुरू झाला आणि एके दिवशी या गृहस्थानं 'ती' गाडी घेतली. चारशेच्या घरात घोडे, शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद आणि सायलेन्सरमध्ये बारा महिने दिवाळी. गाडी बुक करताना निळ्या रंगाच्या दोन छटांवर घरात बैठका झाल्या. स्टिअरिंगच्या शिवणीचा धागा लाल हवा की काळा, यावर सासुरवाडीचं मत घेतलं गेलं. आरशांना कार्बनची टोपणं हवीत म्हणून वेगळे पैसे मोजले. त्या आरशांतून मागचं पूर्वीइतकंच दिसतं, पण ते असो.

मग थंडी आली, टायरवाल्यानं विंटरच्या सेटचा आकडा सांगितला, आणि हा वीर पुरुष म्हणाला, "ऑल-सीझनवर भागेल ना रे?"

भागेल की. बारा आण्याच्या कोंबडीला चार आण्याचा मसालाही भागतोच.

आता जरा हिशोब करू. इंजिनिअर मंडळी आहेत, हिशोबाला नाही म्हणणार नाहीत. गाडीचं वजन 1,700 किलो धरा, टायरमधली हवा अडीच बार. भागाकार केला की प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग येतो ढोबळमानानं 165 चौरस सेंटिमीटर. म्हणजे पोस्टकार्डाएवढा. (ज्यांनी आयुष्यात पोस्टकार्ड पाहिलेलं नाही, त्यांनी तळहात धरावा.) चार चाकांची चार पोस्टकार्डं. तुमचे चारशे घोडे, सहा पिस्टनचे ब्रेक, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल, ज्याच्यासाठी कर्ज काढलं ते सगळं या चार पोस्टकार्डांवर उभं आहे. शिवणीचा धागा रस्त्याला कुठेच टेकत नाही.

दुसरा हिशोब ब्रेकचा. ताशी 50 किलोमीटर वेगात ब्रेक दाबला. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा आकडा 0.9 धरला तर गाडी 11 मीटरमध्ये थांबते. बर्फावर तोच आकडा 0.3 झाला की 33 मीटर लागतात, 0.2 झाला की 49. वेग दुप्पट केला की अंतर चौपट. हे सूत्र आपण अकरावीत पाठ केलं होतं. त्यात वेग आहे, गुरुत्वाकर्षण आहे, घर्षण आहे. हॉर्सपॉवर नाही. गाडीची किंमतही नाही. 0.3 आणि 0.2 यांच्यात जे 16 मीटर आहेत, तेवढ्यात रस्ता ओलांडणारी एक आजी, तिचा कुत्रा आणि पुढच्या गाडीचा बंपर आरामात मावतात.

टायरमध्ये नेमकं काय वेगळं असतं, तर आधी रबर. रबर थंड होत गेलं की आखडतं आणि एका तापमानाखाली चक्क काचेसारखं वागू लागतं. हे तापमान कुठे ठेवायचं ते मिश्रण बनवणारा ठरवतो. समर टायरचं मिश्रण उन्हाळ्यात, गरम डांबरावर, जोरात वळणं घेताना चिकटून राहावं म्हणून बनवलेलं असतं. थंडीत ते कडक होतं, आणि कडाक्याच्या थंडीत हे टायर वापरू नका, रबराला चिरा जाऊ शकतात, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. बहुतेक परफॉर्मन्स गाड्या कारखान्यातून याच समर टायरवर बाहेर पडतात. विंटर टायरचं मिश्रण शून्याखालीही लवचीक राहतं. त्यासाठी त्यात वेगळी रबरं आणि भरपूर सिलिका घातलेली असते.

मग नक्षी. आपल्याकडे टायरवाला ज्याला बटन म्हणतो, त्या प्रत्येक ठोकळ्यावर विंटर टायरला केसाएवढ्या बारीक, नागमोडी चिरा असतात. ठोकळा वाकला की चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. मोठ्या खाचा मुद्दाम बर्फानं भरून घेतल्या जातात, कारण बर्फ रबरापेक्षा बर्फाला जास्त घट्ट धरतो. टायरच्या पोटातला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरून ठेवतो आणि तुम्ही पुढे जाता. परप्रांतात आपण महाराष्ट्र मंडळ काढतो, त्यामागचं तत्त्वही हेच असावं.

7 अंशांचा नियम सगळ्यांना पाठ असतो: पारा 7 च्या खाली गेला की समर टायर बाद. हा आकडा टायर विकणाऱ्यांना जेवढा प्रिय आहे तेवढा भौतिकशास्त्राला नाही. 7 वर कसलीही घंटा वाजत नाही. कोरड्या रस्त्यावर, 5 अंशांना, चांगला समर टायर व्यवस्थित थांबतो. पण सकाळी सातला, पुलावर, रात्रीचं दंव गोठून काळ्या काचेचा थर झालेला असतो, तेव्हा डॅशबोर्डवरचे 3 अंश हवेचे असतात, पुलाचे नसतात. तिथे हे टायर तुम्हाला कसलाही इशारा देत नाहीत. सरळ नेतात, मग वळण असो वा नसो.

आता ऑल-सीझन. 1977 साली गुडइयरनं अमेरिकेत टिएम्पो नावाचा टायर आणला आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याच्या कटकटीतून अमेरिकन कुटुंबाला सोडवलं. मोठी सोय झाली. वर्षभर पुरेल असा एकच स्वेटर म्हणा ना: मे महिन्यात घाम काढतो, जानेवारीत हुडहुडी भरवतो, पण कपाटात जागा कमी लागते. गेल्या दहा वर्षांत मात्र हा स्वेटर बराच सुधारला. मिशेलिननं 2015 मध्ये क्रॉसक्लायमेट काढला. मूळचा समर टायर, पण बर्फाचं प्रमाणपत्र मिळवलेला. तेव्हापासून युरोपातले ऑल-सीझन चेष्टेचा विषय राहिलेले नाहीत. सदरलेखकाला याचं दुःख आहे, कारण चेष्टा सोपी होती.

घोटाळा पुढे आहे. 'ऑल-सीझन' या एकाच पाटीखाली दोन वेगळे माल विकले जातात. अमेरिकेत वेगवान गाड्यांसाठी म्हणून जे ऑल-सीझन मिळतात, त्यांतल्या बऱ्याच टायरांवर फक्त 'एम प्लस एस' असतं, म्हणजे मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. हा शिक्का कसलीही परीक्षा न देता मिळतो. नक्षीत पुरेशा खाचा आहेत असं कंपनीनं म्हटलं की लागला शिक्का. आमच्या शाळेत पीटीचे मार्क असेच मिळायचे. दुसरं चिन्ह आहे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. त्यासाठी बर्फावर खरोखर चाचणी द्यावी लागते, ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा सरस ठरावं लागतं. तीही चाचणी दाबलेल्या बर्फावरची. हिमकण आहे म्हणजे निसरड्या, काचेसारख्या बर्फाचा बंदोबस्त झाला असं नाही.

जर्मन सरकारला हा फरक कळायला वेळ लागला, पण कळला. 2010 पासून इथे नियम आहे की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा राडा किंवा गोठलेलं दंव असेल तर गाडीला हिवाळ्याचे टायर हवेत. तारखेचं बंधन नाही. लोकांनी आपलं सोपं सूत्र केलंय, ऑक्टोबर ते ईस्टर. सुरुवातीला 'एम प्लस एस'वर चालायचं. 1 ऑक्टोबर 2024 पासून फक्त डोंगरातला हिमकण चालतो. नियम मोडला तर 60 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला ठेवलेल्या चालकांच्या नोंदवहीत एक गुण. हा गुण मिळवण्यात अभिमान नाही, आठ झाले की लायसन्स जातं. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर 80 युरो. न्यू जर्सीच्या भावानं फोनवर सुचवलेला टायर इथे मागवून 'मस्त ग्रिप आहे' म्हणणाऱ्यांनी एकदा खाली वाकून टायरची कड वाचावी. गाडीचं ब्रोशर तीस वेळा वाचून झालंच आहे.

शेजारी ऑस्ट्रिया त्याहून कडक. 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्ता बर्फाळ असला की विंटर टायर हवेत, आणि त्यांची नक्षी किमान 4 मिलिमीटर. त्याखाली गेला की तो विंटर टायरच नाही, समर समजावा. जर्मनीत 1.6 मिलिमीटरला कायदा गप्प बसतो. म्हणजे म्युनिकहून तिरोलला स्कीइंगला निघालेल्या कुटुंबाचा 3 मिलिमीटरचा टायर सरहद्द ओलांडताच ऋतू बदलतो. पुण्याच्या टायरवाल्यानं याला अजून नवाच म्हटलं असतं. तो टायर पूर्ण गोटा झाल्याशिवाय आशा सोडत नाही. अटलांटिकपलीकडे क्यूबेकमध्ये तर वादाला जागाच ठेवलेली नाही: 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे. माँट्रिआलच्या मराठी मंडळींकडे दिवाळीत त्यामुळे गप्पांना एक विषय कमी.

या चर्चेतलं सगळ्यात लाडकं वाक्य अजून यायचं आहे. "माझ्या गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह आहे."

अभिनंदन. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे सिग्नल सुटल्यावर तुम्ही सगळ्यांच्या पुढे निघता. थांबताना? ब्रेक तर प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, शंभर घोड्यांच्या पोलोच्याही. वळताना? तिथेही पोस्टकार्डं चारच. फोर-व्हील ड्राइव्हनं एवढंच होतं की वेग वाढवताना रस्ता किती घसरडा आहे ते कळत नाही, आणि जेव्हा कळतं तेव्हा तुम्ही पोलोपेक्षा 30 किलोमीटरनं जास्त वेगात असता. आउडीनं 1986 साली फिनलंडच्या काइपोलामध्ये एक गाडी स्की-जंपच्या उतारावरून चढवून दाखवली होती. जाहिरातींच्या इतिहासात ती अमर आहे. 2005 साली हाच पराक्रम पुन्हा केला, तेव्हा गाडीला खास बनवलेले खिळ्यांचे टायर होते. जाहिरात बघून क्वात्रोवर, म्हणजे आउडीच्या फोर-व्हील ड्राइव्हवर, लोकांची श्रद्धा बसली. खिळ्यांवर कुणाचीच बसली नाही. तसे खिळे जर्मनीच्या रस्त्यांवर 1975 पासून बंद आहेत, रस्ते उखडतात म्हणून. जपाननंही 1990 मध्ये कायदा करून ते आवरले. तिथे खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराची धूळ सगळ्या शहरावर बसायची. बिनखिळ्यांचा ब्लिझाक ब्रिजस्टोननं जपानमध्ये 1988 मध्येच आणला होता, त्याला मग मैदान मोकळं झालं.

दुसरं लाडकं वाक्य: "आता बर्फ पडतोच कुठे?" हे वाक्य मार्चमध्ये शहाणपणाचं वाटतं. डिसेंबर 2023 च्या पहिल्या शनिवारी म्युनिकवर एवढा बर्फ पडला की विमानतळ बंद ठेवावा लागला, गाड्या थांबल्या आणि बायर्नचा घरचा फुटबॉल सामना पुढे ढकलला. बायर्नचा सामना! त्या शहरात यापेक्षा गंभीर काही घडत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तिथेही 'पडतोच कुठे' म्हणणारे होतेच. बर्फ वर्षातून तीनच दिवस पडला तरी त्या तीन दिवसांचे टायर त्या तीन दिवसांतच मिळत नाहीत.

तिसरं वाक्य पैशांचं. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च. इथे आपली गणिताची बुद्धी सुट्टीवर जाते. विंटर टायर फिरत असताना समर टायर झिजत नाहीत. दोन सेट आलटून पालटून वापरले की दोन्ही जास्त वर्षं टिकतात. जास्तीचा खर्च आहे तो रिम, प्रेशर सेन्सर, वर्षातून दोनदा अदलाबदल आणि टायर ठेवायची जागा यांचा. तळघर नसेल तर टायरवाला भाड्यानं टायर ठेवतो. इथे त्याला टायरचं हॉटेल म्हणतात, आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी असताना आपण ज्या खोलीत राहिलो तिच्यापेक्षा ते बरं असतं. उलट विंटरचा सेट घेताना शहाणा माणूस 20 इंची चाकं सोडून 18 वर येतो. टायर स्वस्त, कड उंच, खड्ड्यात रिम वाचते, आणि अरुंद टायर ताज्या बर्फात चांगला रुततो. फक्त ब्रेकच्या मोठ्या डिस्क त्या रिमच्या आत मावायला हव्यात. आधी विचारून घ्या. पण आमच्या वीराला 18 इंची चाकांवर गाडी 'केविलवाणी' दिसते. जानेवारीत, मिठाच्या चिखलानं माखलेली, संध्याकाळी साडेचारच्या अंधारात ती कुणाला दिसते, हे त्यानं सांगितलेलं नाही.

काही जण मधला मार्ग काढतात: जुने विंटर टायर. कुणीतरी गाडी विकलीये, सेट स्वस्तात देतोय, नक्षी शाबूत आहे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 4312 म्हणजे 2012 सालचा त्रेचाळिसावा आठवडा. त्या आठवड्यात बनलेलं रबर आता कितीही सुंदर दिसलं तरी त्याचा लवचीकपणा निवृत्त झालेला आहे. भाजणीची तारीख पाहणारी माणसं टायरची पाहत नाहीत.

आणि वेगाची अट. टायरवर वेगाचं अक्षर असतं. एच म्हणजे 210, व्ही म्हणजे 240, डब्ल्यू म्हणजे 270. गाडी जेवढी पळू शकते त्यापेक्षा कमी अक्षराचे विंटर टायर लावायला जर्मनीत परवानगी आहे, मात्र ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर तो आकडा लिहिलेली चिकटपट्टी हवी. 300 पर्यंतचा स्पीडोमीटर, आणि शेजारी रंगीत कागदावर '210'. या चिठ्ठीनं किती पुरुषांचं मन मोडलं असेल याची गणती नाही. स्टुटगार्टहून म्युनिकला जाणारा ए-8 महामार्ग अल्ब डोंगराच्या चढावर हिवाळ्यात ट्रकमागे ट्रक लावून उभा असतो, तिथे सरासरी 40 पडते. पण चिठ्ठी खुपते. मग पुन्हा तोच प्रश्न, "ऑल-सीझनमध्ये डब्ल्यूचा मिळतो का?"

मिळतो. आणि आता ऑल-सीझनची बाजूही घेतो, नाहीतर टायरवाल्यांनी पैसे दिले म्हणाल. ऱ्हाइनच्या खोऱ्यात, कलोनच्या बाजूला, किंवा लंडनमध्ये राहता. घरापासून ऑफिस 12 किलोमीटर, रस्ता सपाट, महापालिका मीठ टाकते, बर्फ पडला तर घरून काम करता येतं. डोंगराकडे जाणं नाही. अशा माणसाला हिमकणाचा चांगला ऑल-सीझन पुरतो, आणि अर्धवट झिजलेल्या विंटरपेक्षा तो बराही. जुलैत गरम रस्त्यावर विंटर टायर लावून फिरणाऱ्यापेक्षा तर हजारपट बरा. तसेही लोक आहेत, मऊ रबर उन्हात खोडरबरासारखं झिजवत, लांब अंतरावर थांबत, 'बदलायला वेळ झाला नाही' म्हणत फिरतात. त्यांच्यावर वेगळं सदर लिहावं लागेल.

पण त्या 12 किलोमीटरवाल्या माणसाकडे चारशे घोडे कशाला आहेत? ही गाडी घेताना विक्रेत्यानं स्टिअरिंगची अचूकता सांगितली होती. वळणावर गाडी 'विचार केला की वळते'. ती अचूकता टायरच्या ताठ ठोकळ्यांतून येते. ऑल-सीझनच्या ठोकळ्यांना बर्फासाठी चिरा पाडलेल्या, मिश्रण थंडीसाठी मऊ केलेलं. जुलैच्या त्या एका रविवारी ब्लॅक फॉरेस्टच्या घाटात, ज्या रविवारसाठी गाडी घेतली होती, वळणावर टायर क्षणभर डुलतो आणि मग वळतो. ब्रेकही थोडे उशिरा लागतात. वर्षातल्या थोड्या वाईट दिवसांसाठी तुम्ही सगळे चांगले दिवस पातळ केले, आणि वाईट दिवशीही पहिला नंबर नाहीच. साध्या गाडीला हा तोटा जाणवत नाही. ही गाडी तर त्या फरकासाठीच घेतली होती. तो सोडायचा असेल तर निम्म्या पैशांची गाडी तेवढीच छान आहे आणि डिकीही मोठी आहे.

फिनलंडच्या लोकांना या वादाचं नवल वाटेल. आज नोकियन म्हणून ओळखली जाणारी त्यांची कंपनी 1934 पासून हिवाळी टायर बनवते. पहिला ट्रकसाठी होता, 1936 मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा आला. तिथे कुणी दिवाळीत कोपऱ्यात उभं राहून चर्चा करत नाही. गंमत म्हणजे या धंद्यात आता आपलीही माणसं आहेत. मुंबईची सिएट युरोपात विंटर आणि ऑल-सीझन दोन्ही टायर विकते. नेदरलंड्सची जुनी व्रेडेश्टाइन 2009 पासून अपोलोची आहे. वरळीच्या दमट उकाड्यात कार्यालय असलेली सिएट जर्मनांना बर्फाचे टायर विकते, आणि वरळीहून आलेला माणूस इथे बर्फाच्या टायरवर घासाघीस करतो. धंदा कुणाला जमला हे उघड आहे.

तिसरा रस्ता मात्र मंडळातल्या चर्चेत कधी निघत नाही, म्हणून इथे सांगतो. जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या कडेला दोन आकडे, एकावर एक, 04 आणि 10. म्हणजे गाडी एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, उरलेले महिने बंद. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. 1997 पासून ही सोय आहे. खरे गाडीवेडे जर्मन नेमकं हेच करतात: नोव्हेंबरात गाडी पुसूनपासून गॅरेजमध्ये कापडाखाली, आणि साहेब पाच महिने एस-बान लोकलमध्ये पेपर वाचताना दिसतात. फक्त समर टायर, कायम कोरडा रस्ता, मिठाचा कण नाही. आपल्याकडे याला एकच अडचण आहे. गाडी कापडाखाली असली की पार्किंगमध्ये शेजाऱ्याला दिसत नाही.

तेव्हा निकाल असा. डोंगराच्या बाजूला राहत असाल, स्कीइंगला जात असाल किंवा पहाटे निघावं लागत असेल, तर दोन सेट घ्या आणि गप्प बसा. सपाटीवर, शहरात, मिठाच्या रस्त्यावर असाल तर हिमकणाचा ऑल-सीझन घ्या, पण मग घाटातल्या वळणांच्या गप्पा मारू नका. गॅरेज असेल तर 04-10 ची प्लेट घ्या. 'एम प्लस एस'वर भागवणार असाल तर निदान 60 युरो सुट्टे ठेवा.

टायर बदलून घेतले की 50 किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा कसून घ्या, बिलावर लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. आणि टायरवाल्याची वेळ याच आठवड्यात मागा. पहिला बर्फ पडल्यावर फोन केलात तर नाताळानंतरची मिळेल.